एका माणसाचा कुकर

पुलाच्या मध्यावर आल्यावर योशिनोबुने कुकर खाली ठेवला आणि दोन्ही हात पँटला पुसले. निळ्या कापडात बांधलेला तो विजेचा भाताचा कुकर घरून निघताना हलका वाटला होता. आता कापडाच्या गाठीचा पीळ बोटांत रुतून पांढरे वळ उमटले होते. त्याने वळांकडे पाहिलं. दुखत असणार, असं त्याला वाटलं. दुखत मात्र नव्हतं.

चार पावलं पुढे गेलेली सुमिए थांबली. तिच्या एका हातात चादरींची पिशवी होती, दुसऱ्या हातात उशी.

"मी घेऊ का थोडा वेळ?"

"नको."

"मग दोघं धरू या. एकेक गाठ."

"जमतंय मला," तो म्हणाला.

पुलाखाली मासे तोंडं उघडून वर आले होते. खायला घालू नका असा फलक डोक्यावर लावलेला असताना या माशांना अजून आशा कशी, हे इनोकाशिरा बागेत येणाऱ्या कुणालाच कधी कळलेलं नाही. डिसेंबरची सुरुवात होती, सुट्टीचा वार नव्हता. तळ्याच्या पलीकडे कुणीतरी सॅक्सोफोनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटत होतं आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडखळत होतं. वरच्या पायऱ्यांकडून काड्यांना टोचलेली कोंबडी भाजल्याचा धूर येत होता. एरवी या वासाने योशिनोबुची भूक चाळवायची. आज धूर आला आणि गेला.

बागेच्या या बाजूला, स्टेशनच्या अंगाला, त्यांचं घर होतं. त्या बाजूला, झाडी संपते तिथल्या गल्लीत, सुमिएने एक खोली भाड्याने घेतली होती. किल्ली सकाळीच हातात आली होती. मधे हे तळं. मोठं सामान शनिवारी टेम्पोने जायचं होतं. किरकोळ आपलं आपण नेऊ, असं ठरलं होतं. सोमवारी दोघांनी नगरपालिकेत जाऊन घटस्फोटाचा कागद द्यायचा होता. त्यावर सहीऐवजी दोघांचे शिक्के उमटून आठवडा झाला होता.

एवढं सगळं घडलं आणि घरात एक भांडं आपटलं नव्हतं. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी नाशपाती सोलता सोलता सुमिए म्हणाली होती, "मला वेगळं राहावंसं वाटतंय. या घरात मी बोलते ते माझं मलाच ऐकू येतं." योशिनोबु टीव्हीसमोर बसला होता. त्याने ऐकलं, नीट ऐकलं. आणि म्हणाला, "बरं." ती हातातली सुरी तशीच धरून थोडा वेळ थांबली. मग तिने फोडी बशीत मांडल्या आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. त्याने त्या खाल्ल्या. सप्पोरोला असलेली मुलगी, मिहो, फोनवर दोघांच्या वाटणीचं रडली.

त्याला दुष्ट म्हणता येणार नाही. आळशीही नव्हता. इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. दोर कुठे घासतोय हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. मार्चमध्ये कंपनीने फुलांचा मोठा गुच्छ देऊन त्याला निरोप दिला. घरी येऊन त्याने बूट काढले, आणि तेव्हापासून त्याला काही लागेनासं झालं. दाढ काढण्यापूर्वी डॉक्टर सुई टोचतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं. ऑगस्टमध्ये थोरला भाऊ गेला. दहनानंतर नातेवाइकांनी दोघा-दोघांनी मिळून काड्यांनी अस्थी उचलायच्या आणि कलशात ठेवायच्या, ते त्याने बिनचूक केलं. त्या वेळी त्याच्या मनात आलं ते इतकंच की, हा अस्थींचा पत्र्याचा ट्रे किती स्वच्छ ठेवलाय यांनी. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

"अगंबाई, सहलीला कुकर घेऊन निघालात की काय?"

समोरून निशिवाकीबाई येत होत्या. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या, सकाळच्या कवायतीत पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या. त्यांच्या कुत्र्याने लाल स्वेटर घातला होता आणि त्यांनी स्वतः त्याच लोकरीची टोपी. कुत्रं सरळ कुकरपाशी आलं आणि कापड हुंगू लागलं.

सुमिएने उशी पाठीमागे धरली.

"दुरुस्तीला नेतोय," ती म्हणाली. "झाकण नीट बसत नाही."

"आजकाल कोण दुरुस्त करतं हो? फेकून द्या नि नवा घ्या. माझ्या सुनेने घेतलाय, तो बोलतो. भात झाला की सांगतो, 'झाला.' माझा मुलगासुद्धा तेवढं बोलत नाही."

"तिकडे एक दुकान आहे म्हणतात," सुमिए म्हणाली.

"असेल बाई. बघा. कुरिहारासाहेब, तुम्ही बारीक झालात का? रिटायर झाल्यावर माणूस सुटतो, तुमचं उलटंच दिसतंय." निशिवाकीबाईंनी कुत्र्याला ओढलं. "चल रे, दुसऱ्याच्या भातात तोंड घालू नये."

त्या पूल ओलांडून गेल्या. बायको इतकं सफाईने खोटं बोलू शकते हे योशिनोबुला आज नव्यानेच कळलं. त्याने कुकर उचलला. दोघं पुलाच्या टोकाला आली.

पूल संपतो तिथेच होड्यांचा धक्का आहे. पांढऱ्या हंसांच्या आकाराच्या होड्या रांगेने बांधलेल्या होत्या, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. त्यांच्यापलीकडे साध्या वल्ह्यांच्या होड्या. तिकिटाच्या खिडकीपाशी एक तरुण जोडपं घुटमळत होतं. मुलाने पाकीट काढलेलं होतं आणि मुलगी त्याची बाही ओढत होती.

"नको म्हटलं ना. इथे होडीत बसलेली जोडपी तुटतात."

"तू खरंच मानतेस हे?"

"माझी बहीण बसली होती. गोल्डन वीकच्या सुट्टीत, मेमध्ये बसली आणि पावसाळ्याआधी तुटलं."

"तुझ्या बहिणीचं होडीमुळे तुटलं? तिचा तो मित्र बघितला होतास ना?"

"हस तू. ती देवी एकटी असते ना बेटावर, तिला बघवत नाही. चल, गिनीपिग बघू. त्यांना मांडीवर घेता येतं."

मुलाने पाकीट खिशात टाकलं आणि दोघं प्राणिसंग्रहालयाच्या वाटेला लागली. खिडकीतला माणूस त्यांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे बघत राहिला; देवीपायी बुडालेला धंदा त्याला नवा नसावा.

तळ्याच्या पश्चिमेच्या टोकाला, छोट्याशा बेटावर, बेंझाइतेनचं लाल देऊळ आहे. हातात वीणा घेतलेली, विद्येची आणि गाण्याची देवी, पण शहरभर तिची ख्याती आहे ती या मत्सराची. योशिनोबुने लग्नाआधी सुमिएला इथे आणलं होतं तेव्हा सगळे मित्र हाच विनोद करायचे. त्याने होडीत बसू या म्हटल्यावर सुमिए म्हणाली होती, "आज नको. मला पाण्याची भीती वाटते." त्याने ते मानलं. पुढे लग्न झालं, याच बागेजवळ घर घेतलं, मिहो झाली. मिहो पाच-सहा वर्षांची असताना तिला दर रविवारी हंसात बसायचं असे. बाप-लेक पायडल मारत तळ्याला वळसा घालायचे आणि सुमिए पुलावर तिघांच्या पिशव्या सांभाळत उभी राहायची, हंस पुलाखालून जाताना वाकून हात हलवायची. तिला पाण्याची भीती वाटते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिला डाळिंब आवडत नाही हे माहीत होतं, तसंच.

"बसायचं का आपण?" योशिनोबु म्हणाला.

सुमिएने वळून पाहिलं. "कशात?"

"होडीत. आता काय, आपलं बिघडवायला देवीपाशी काही उरलेलं नाही."

हे आपण का बोललो ते त्याचं त्याला कळलं नाही. विनोद म्हणून बोललो असेन, असं त्याला वाटलं. मग तो फार काही विनोदी नाही, हेही त्याला वाटलं, पण तोवर शब्द तोंडातून गेले होते. सुमिए त्याच्याकडे बघत होती. चिडली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्याकडे बघत होती ती एखाद्या दुकानाचं दार अजून उघडं आहे का बंद झालं, ते रस्त्यापलीकडून निरखावं तशी.

"चला," ती म्हणाली.

"तुला पाण्याची भीती वाटते ना?"

"आता कसली भीती."

ती खिडकीपाशी गेली. उशी काखेत धरून तिने पर्स काढली.

"दोन होड्या द्या. वल्ह्यांच्या."

"माणसं किती?" आतल्या माणसाने मान बाहेर काढली. साठीपुढचा असेल, हातात रबरी मोजे होते आणि मानेभोवती टॉवेल.

"दोन."

"दोनच? मग एकीत मावाल की ताई. तिघंसुद्धा मावतात."

"मावू. पण दोन द्या."

माणसाने एकदा तिच्याकडे आणि एकदा योशिनोबुकडे बघितलं. या धंद्यात असताना माणसांचं काय काय बघायला मिळतं, असा त्याचा चेहरा होता. दोन तिकिटं खिडकीतून बाहेर आली.

योशिनोबु कुकर घेऊन उभा होता. म्हणजे तिला तासभरसुद्धा माझ्यासमोर बसायचं नाही. हा विचार त्याच्या मनात अगदी नीटनेटका आला, छापून आल्यासारखा. याने आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. आत काही हललं नाही. वाईट वाटण्यासाठी जे काही लागतं ते मार्चपासून बंद पडलं होतं आणि दुरुस्त करणारं माणूस तो स्वतःच होता.

"बरं," तो म्हणाला.

"चादरी आणि उशी इथे ठेवा," होडीवाला म्हणाला. "ते काय आहे?"

"भाताचा कुकर."

"तोही ठेवा."

"नको," योशिनोबु म्हणाला. का नको, ते माहीत नव्हतं. "माझ्याबरोबर राहू दे."

"भिजला तर मला सांगायचं नाही."

त्याने होडीच्या मागच्या फळीवर, जिथे दुसरं माणूस बसतं तिथे, कुकर ठेवला. मग वल्ही हातात घेतली. होडी धक्क्यापासून सुटली आणि समोर निळ्या कापडातला कुकर गाठीचे दोन कान उभारून त्याच्याकडे बघत बसला.

आठवडाभर घरात दोन कुकर होते. हा जुना, मोठा, मिहोच्या डब्यांपासूनचा. झाकणाची कडा एका बाजूला वितळलेली, कारण मिहोने एकदा तो शेगडीजवळ ठेवला होता. दुसरा सुमिएने त्याच्यासाठी मुद्दाम आणलेला. इतका लहान, की त्याने प्रथम पाहिला तेव्हा खेळण्यातला वाटला. एका माणसाचा. "एक वाटी तांदूळ, आणि पाणी आतल्या रेघेपर्यंत," तिने दाखवलं होतं. "तांदूळ धुताना पाणी स्वच्छ होईपर्यंत बदलायचं." त्याने मान डोलावली होती. पहिल्या दिवशी एकदाच पाणी बदललं. भात चिकट झाला. दोघांनी तो अर्धा अर्धा खाल्ला आणि दोघंही अर्धपोटी राहिली.

धक्क्याकडून पाणी उडाल्याचा आवाज आला. सुमिएची होडी स्वतःभोवतीच फिरत होती. तिने आयुष्यात कधी वल्हं धरलं नव्हतं. एक पाण्यात खोल जात होतं आणि दुसरं हवेतच. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या.

"दोन्ही एकदम ओढ," तो म्हणाला.

"एकदमच ओढतेय."

"डावं जास्त ओढतेस."

"कुठलं डावं? मी उलटी बसलेय. माझं की होडीचं?"

ती ओठ घट्ट मिटून ओढत राहिली. होडी हळूहळू काठाकडे सरकू लागली, तिथे चेरीच्या उघड्याबोडक्या फांद्या पाण्यावर टेकलेल्या होत्या.

"आई," त्याने हाक मारली. "फांदी."

शेजारून जाणाऱ्या हंसातली एक तरुण बाई चटकन वळली. तिच्या मांडीवर लहान मुलगा होता. तिने आधी मुलाकडे आणि मग योशिनोबुकडे पाहिलं आणि हसून मान वळवली. मिहो झाल्यापासून तो बायकोला आई म्हणत होता आणि ती त्याला बाबा. मिहो लग्न होऊन गेली तरी ती सवय घरात राहून गेली होती, तिच्या खोलीतल्या टेबलासारखी. सुमिएला हाक आपल्याला आहे हे कळलंच नाही. फांदी तिच्या टोपीपासून हातभर अंतरावर आली.

"सुमिए! थांब. उजवं."

ती थांबली. वल्ही हातात तशीच राहिली. होडी आपल्या वेगाने थोडी पुढे सरकली आणि एक बारीक डहाळी तिच्या खांद्याला घासून गेली. तिने ती बाजूला केली. मग त्याच्याकडे न बघता उजवं वल्हं पाण्यात घातलं, सावकाश ओढलं, आणि होडी वळली.

त्यानंतर तिला थोडं जमू लागलं. दोघं पश्चिमेकडे निघाली, मधे चार-पाच हातांचं अंतर ठेवून. इतकं अंतर ठरवून ठेवलं नव्हतं, ते तसं राहिलं. बदकं त्या फटीतून आरामात पोहत होती. काठावरच्या बाकावर एक म्हातारा मुलांना चित्रं काढून द्यायला बसला होता, पण मुलं नव्हती, म्हणून तो या दोन होड्यांची काढू लागला असावा. अधूनमधून तो मान वर करून त्यांच्याकडे बघायचा.

"इथेच ते तळं साफ करायला पाणी उपसलं होतं ना?" सुमिएने विचारलं.

"हो. सायकली निघाल्या होत्या."

"किती त्या. मिहो म्हणाली होती, माझीपण त्यातच असेल."

"तिची चोरीला गेली होती."

"तेच की. चोराने ती तळ्यात टाकली असेल, म्हणायची."

इतकं बोलणं त्यांच्यात ऑक्टोबरपासून झालं नव्हतं. योशिनोबुला ते जाणवलं. त्याला आणखी एक जाणवलं, तळहाताच्या मधोमध काहीतरी चुरचुरत होतं. त्याने मूठ बदलली.

लाल देऊळ जवळ आलं. उदबत्तीचा वास पाण्यावरून येत होता. देवळापाशी एक बाई घंटा वाजवून नमस्कार करत होती. सुमिएने वल्ही उचलून होडीत घेतली, हात कोटाला पुसले आणि होडीत बसल्या बसल्या बेटाकडे तोंड करून हात जोडले. ती बराच वेळ तशी राहिली. होडी वाऱ्याने किंचित फिरली तशी तीही फिरली, पण मान मात्र तिने देवळाच्याच दिशेला ठेवली.

तो तिची वाट बघत थांबला. घाई नव्हती.

"एका होडीत बसलो असतो तर तुला वल्हवावं लागलं नसतं," ती वळल्यावर तो म्हणाला.

"हो."

"माझा ताप नको म्हणून घेतल्यास का दोन?"

सुमिएने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने तिला नाव-गाव विचारलं होतं.

"तिच्यासमोर एका होडीत?" तिने मानेने बेटाकडे खूण केली. "नको बाई. उगाच कशाला."

"उगाच कशाला म्हणजे?"

"उगाच म्हणजे उगाच."

सॅक्सोफोनवाला पुन्हा त्याच ठिकाणी अडखळला. योशिनोबुने ओल्या कोटाकडे पाहिलं, लाल झालेल्या तिच्या बोटांकडे पाहिलं.

"तुला पाण्याची भीती वाटते," तो सावकाश म्हणाला. "तू तसं म्हणाली होतीस. पहिल्यांदा आलो होतो तेव्हा."

"मग काय सांगणार होते? आपल्या चार भेटी झाल्या होत्या. 'आपलं तुटेल म्हणून बसायचं नाही,' असं सांगितलं असतं तर तुम्ही स्टेशनपर्यंत पळत सुटला असता."

"आणि मिहो लहान असताना?"

"तेव्हाही तुटायला नको होतं," सुमिए म्हणाली.

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली, की त्याला आधी ते एखाद्या जुन्या गोष्टीसारखं ऐकू आलं. दर रविवारी पुलावर पिशव्या घेऊन उभी असलेली, वाकून हात हलवणारी ती बाई. तिचे हात गारठायचे म्हणून तो तिला म्हणायचा, अगं, एकदा बसून तरी बघ, मी आहे ना. आणि ती हसून नको म्हणायची. सगळी वर्षं ती तिथे उभी राहून राखण करत होती, आणि तो तिला पाण्याची घाबरट म्हणून मिहोबरोबर हसत होता.

आणि आज? हा प्रश्न त्याच्या तोंडात आला. विचारायची गरज नव्हती; दोन होड्या समोर होत्या, एक तिची आणि एक त्याची, मधे पाणी.

सवयीने 'बरं' ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. त्याचे डोळे जळजळले. उदबत्तीचा धूर इतका लांब येत नव्हता.

"तो लहान कुकर," तो म्हणाला.

"त्याचं काय?"

"त्यात दोन वाट्या होतात का?"

तिची होडी सरकत सरकत त्याच्या होडीला येऊन हलकेच टेकली. लाकडाला लाकूड लागल्याचा आवाज आला.

"नाही होत," ती म्हणाली. "एकच होते. जास्त घातलं तर उतू जातं."

"मग हा लागेल." त्याने समोरच्या कुकरवर हात ठेवला.

ती कुकरकडे बघत होती. त्याच्याकडे नाही.

"ऑक्टोबरात मी बोलले तेव्हा तुम्ही फोडी खात होतात," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्या खाल्ल्यात. एकसुद्धा ठेवली नाहीत."

"मला कळलं नाही काय बोलावं," तो म्हणाला. "मला काही कळतच नव्हतं, सुमिए. दादाच्या वेळेलाही नाही. तिथे उभा होतो आणि मी ट्रे बघत होतो."

हे तो कुणाला कधी सांगणार नव्हता. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता ती विचारेल, कुठला ट्रे? ती विचारत नाही हे बघून त्याने मान वर केली. तिने हात लांब करून त्याच्या होडीची कड धरली होती, होड्या लांब जाऊ नयेत म्हणून.

"तांदूळ धुताना पाणी तीनदा बदलायचं," ती म्हणाली. "तुम्ही एकदाच बदलता."

"तीनदा."

"मोजून."

"हो."

धक्क्यावरून भोंग्यातून आवाज आला, नऊ नंबर, अकरा नंबर, वेळ झाली. सुमिएने कड सोडली. तिने कडेकडेने होडी वळवायला सुरुवात केली आणि दोनदा त्याच्या वल्ह्यावर आपलं वल्हं आपटलं. त्याने काही सुचवलं नाही. तो तिच्या मागे मागे आला.

धक्क्यावर होडीवाल्याने आधी सुमिएला हात दिला, मग कुकर घेतला, मग योशिनोबुला. "बुडवला नाहीत," तो कुकर देताना म्हणाला. योशिनोबुने तो घ्यायला हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. उजव्या तळहातावरचा फोड फुटला होता.

"बघू," सुमिए म्हणाली. तिने त्याचा हात उलटा करून पाहिला. "दुखतंय का?"

त्याने थोडा विचार केला.

"दुखतंय," तो म्हणाला. "चांगलंच दुखतंय."

तिने पर्समधून रुमाल काढला आणि त्याच्या हाताला गुंडाळला. मग चादरींची पिशवी खांद्याला लावली, उशी काखेत मारली आणि कुकरची एक गाठ धरली. दुसरी त्याने डाव्या हाताने धरली. धक्क्यापासून वाट दोन बाजूंना फुटते. उजवीकडे झाडी, आणि झाडीपलीकडे ती खोली. डावीकडे पूल. दोघांनाही एकाच बाजूला चालायला लागणार होतं, मधे कुकर असल्यावर दुसरं काही करता येत नाही. ती आधी वळली की तो, हे सांगता येणार नाही.

पुलावर मघाचे मासे होते. आणि निशिवाकीबाई होत्या, आता परत येणाऱ्या, कुत्र्याला कडेवर घेतलेल्या.

"काय हो, एवढ्यात झाला दुरुस्त?"

योशिनोबुने सुमिएकडे पाहिलं.

"बघू," सुमिए म्हणाली. "घरी लावून बघायचाय."